तंजावरचे मराठे : भिंतीवरचा इतिहास आणि दप्तरातला

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात शिरणारा प्रवासी प्रथम मान वर करून विमानाकडे पाहतो, मग नंदीकडे वळतो आणि पाय पोळू लागले की सावली शोधतो. राजराज चोळाने इ.स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या देवालयाच्या जोत्यावर तमिळ शिलालेखांच्या ओळींमागून ओळी आहेत. त्यांत देवाला दिलेली गावे, दागिने, दिव्यांसाठी लावून दिलेले तूप, नर्तकींची घरे असा सगळा हिशेब आहे. दक्षिण-पश्चिम बाजूच्या प्राकारापर्यंत फार थोडे लोक जातात. तिथे भिंतीवर देवनागरी अक्षरांत आणि मराठी भाषेत भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. सरफोजी राजे (दुसरे) यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणिसांनी तो रचला आणि १८०३ मध्ये तो दगडावर उतरला. महाराष्ट्रातून सहलीला आलेली मंडळी त्याच्यापुढे उभी राहून छायाचित्र काढतात, हा सर्वांत मोठा मराठी शिलालेख असल्याचे ऐकून समाधान पावतात आणि पुढे कुंभकोणमच्या बसकडे निघतात. लेख वाचत उभा राहिलेला माणूस मला आजवरच्या अनेक फेऱ्यांत दोनदाच भेटला. त्यातला एक तमिळ होता.

हा लेख म्हणजे राजाज्ञेने लिहिलेला, पण सर्वांनी पाहावा म्हणून देवळाच्या भिंतीवर मांडलेला लोकेतिहासच आहे. पूर्वजांच्या थोरवीपासून आरंभ करून तो मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, व्यंकोजी असा वंश उलगडत सरफोजींपर्यंत येतो. आरंभीच्या भागात दंतकथा आणि इतिहास यांची सरमिसळ आहे, सनावळीचे घोटाळे आहेत. अभ्यासकांनी ते वेळोवेळी दाखवून दिले आहेत. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला चुकांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटावा असा एक प्रश्न आहे : हा लेख १८०३ मध्येच का कोरला गेला? व्यंकोजींनी तंजावर घेतले ते १६७५-७६ च्या सुमारास. त्यानंतर सव्वाशे वर्षे कोणालाही आपला वंश भिंतीवर लिहावासा वाटला नाही.

उत्तर तारखांतच आहे. तुळजा राजे १७८७ मध्ये वारले तेव्हा दत्तक सरफोजी लहान होते. दत्तकविधान शास्त्रशुद्ध नाही असा निर्वाळा पंडितांकडून घेऊन कंपनीने गादी तुळजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांना दिली. अकरा वर्षांनी तोच निर्वाळा उलटा फिरवून १७९८ मध्ये कंपनीने सरफोजींना गादीवर बसवले आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. राजाकडे किल्ला आणि लगतचा परिसर उरला. सालीना एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा एक पंचमांश एवढी नेमणूक ठरली. म्हणजे ज्याच्या वारसाहक्कावर एकदा शंका घेतली गेली आणि ज्याचे राज्य नुकतेच हातचे गेले, त्या राजाने चार वर्षांनी आपला वंश दगडावर लिहवून घेतला. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला तो लेख पराक्रमाच्या पोवाड्यापेक्षा वारसदाराने दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रासारखा वाटतो. इंग्रजांच्या स्नेहाचा त्यात आवर्जून उल्लेख आहे, तोही याच हिशेबाने वाचला पाहिजे.

येथे एका दूरच्या पुस्तकाची आठवण होते. अमेरिकेत २००४ मध्ये जेम्स वेब यांचे 'बॉर्न फायटिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वेब हे व्हिएतनामच्या युद्धात लढलेले नौसैनिक दलाचे अधिकारी, रेगन यांच्या कारकिर्दीतील नौदलमंत्री आणि पुढे व्हर्जिनियाचे सिनेटर. पुस्तक आहे 'स्कॉट्स-आयरिश' म्हणवणाऱ्या लोकांविषयी. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या राजाने आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात स्कॉटलंडमधून प्रोटेस्टंट कुटुंबे नेऊन वसवली. शंभर वर्षांनी त्यांच्यातलेच दोन-अडीच लाख लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले आणि अपलेशियन डोंगररांगांच्या सीमेवर स्थिरावले. दोनदा स्थलांतर केलेले, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या सीमेचे रक्षण करण्यासाठी वापरले गेलेले हे लोक. त्यांच्या लढाऊ, हट्टी, सत्तेला न जुमानणाऱ्या स्वभावानेच अमेरिका घडली, असे वेब यांचे प्रतिपादन आहे.

पुस्तकाचे स्वागत दोन प्रकारे झाले. खाणी बंद पडलेल्या, कारखाने गेलेल्या गावांतील गोऱ्या श्रमिक वाचकांना त्यात आपला चेहरा दिसला. आपल्यालाही पूर्वज आहेत, आपणही कोणीतरी आहोत, हे त्यांना प्रथमच कोणी आदराने सांगत होते. इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र भुवया उंचावल्या. चारशे वर्षे एकच स्वभाव रक्तातून वाहत येतो हे म्हणणे इतिहासाचे नव्हे, असा त्यांचा आक्षेप होता. शिवाय 'स्कॉच-आयरिश' हे नावच अमेरिकेत रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात, दुष्काळाने हाकललेले कॅथलिक आयरिश लोंढ्याने येऊ लागल्यावर, त्यांच्यापासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी. मला दोन्ही पक्षांचे म्हणणे पटते, आणि त्यात विसंगती वाटत नाही. वंशाभिमानाची पोथी भरभराटीच्या दिवसांत सहसा लिहिली जात नाही. काहीतरी हातातून निसटल्यावर ती लिहिली जाते. तिच्यातील तपशील चुकीचे असले तरी ती ज्या दुखण्यातून आली ते दुखणे खोटे नसते.

तंजावरच्या मराठ्यांची गोष्ट या बाबतीत आणखी अवघड आहे, कारण त्यांच्या पोथीला हक्काचा वाचकच नाही.

महाराष्ट्रात तंजावर म्हणजे शिवचरित्रातील एक प्रकरण. १६७७ ची दक्षिण दिग्विजयाची मोहीम, कोळेरून नदीकाठची दोघा भावांची भेट, वडिलांच्या जहागिरीतल्या वाट्याची मागणी, रात्रीतून निघून गेलेले व्यंकोजी, मग लढाई आणि तह. दीपाबाईंची शहाणी मध्यस्थी आणि थोरल्या दिरांनी चोळी-बांगडीसाठी त्यांना दिलेला मुलूख, इथे हे प्रकरण मिटते. व्यंकोजी हे मनाने थोडे दुबळे, महाराजांच्या तेजापुढे फिके पडलेले धाकटे भाऊ म्हणून आपल्या लक्षात राहतात. त्यानंतरची पावणेदोनशे वर्षे सामान्य मराठी वाचकाच्या लेखी जणू घडलीच नाहीत. दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, तो विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीता स्वयंवरा'ची आठवण म्हणून. त्यापूर्वी दीडशे वर्षे व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे तंजावरात मराठी नाटके लिहीत होते. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' १६९० च्या सुमाराचे आहे. 'पंचभाषाविलास' नावाच्या त्यांच्या दुसऱ्या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एका रंगमंचावर येतात. अभ्यासकांना हे ठाऊक आहे आणि वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत त्याची नोंदही आहे. पण दिन साजरा करण्याइतपत ते आपले झालेले नाही. त्याचे कारण, माझ्या मते, ते नाटक तमिळ-तेलुगू परंपरेच्या अंगणात वाढलेले आहे आणि आपल्याला मराठीपणाचा निखळ नमुना हवा असतो.

याउलट, जिथे पुरावा दुबळा आहे तिथे आपला उत्साह उतू जातो. सांबाराचे उदाहरण घ्या. संभाजी महाराज तंजावरला पाहुणे आले, मुदपाकखान्यात आमसुले संपली होती, चिंच घालून आमटी केली आणि तिला पाहुण्यांचे नाव मिळाले, ही कथा आता महाराष्ट्रात जवळजवळ प्रमाणित सत्य झाली आहे. तिला समकालीन कागदाचा आधार कोणी दाखवल्याचे माझ्या वाचनात नाही. सरफोजींच्या काळातील 'शरभेंद्र पाकशास्त्र' सरस्वती महालाने छापले आहे. तंजावरच्या राजवाड्यात खरोखर काय शिजत होते हे त्यावरून पाहता येते. तो ग्रंथ मागणारे मात्र, ग्रंथालयातील मंडळींच्या सांगण्यावरून, फारसे नाहीत.

तमिळनाडूत चित्र वेगळे आहे, पण अधिक सुखाचे नाही. तिथल्या लोकप्रिय इतिहासात तंजावर म्हणजे चोळ. नायक आणि मराठे हे नंतर बाहेरून आलेले. राजराजाच्या देवळाच्या भिंतीवर परभाषेत आपली वंशावळ कोरणारा राजा काहींना आगंतुक वाटतो, आणि सहा-सात शतके चोळांच्या वास्तूची निगा राखणाऱ्यांच्या साखळीत मराठे शेवटचे होते हे क्वचितच बोलले जाते. आजही देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे. राजवाडा देवस्थानाच्या अखत्यारीत येणाऱ्या ८८ देवळांपैकी हे एक. फेब्रुवारी २०२० मध्ये मंदिराचा कुंभाभिषेक झाला, तेव्हा मंत्र संस्कृतमध्ये असावेत की तमिळमध्ये यावर खटला उभा राहिला आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने दोन्ही भाषांत विधी व्हावा असे सांगितले. तो वाद मी रोज वाचत होतो. भिंतीवर तिसरी भाषाही आहे, हे माझ्या वाचनात कोणीही म्हटले नाही. तशी मागणी व्हावी असे मी सुचवत नाही. फक्त नोंद करतो.

असे असले तरी न्यायाची बाजू सांगितली पाहिजे. तंजावरच्या मराठ्यांवर जे गंभीर काम झाले ते बहुतांशी तमिळ भूमीवरच झाले. के. आर. सुब्रह्मण्यम् यांचा इंग्रजी ग्रंथ १९२८ चा. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८४ मध्ये के. एम. वेंकटरामय्या यांचा मराठा काळातील राज्यव्यवस्था आणि समाजजीवन यांवरचा मोठा तमिळ ग्रंथ काढला. आणि १९८९ मध्ये याच विद्यापीठाने तंजावर दरबारच्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह तीन खंडांत प्रसिद्ध केले. म्हणजे मराठी भाषेत, मोडी लिपीत लिहिलेले हे कागद आज तमिळ वाचकाला घरबसल्या वाचता येतात. पुण्या-नाशिकच्या वाचकाला ते वाचायचे तर आधी तमिळ शिकावे लागेल. ही परिस्थिती कोणाच्या दुष्टाव्यामुळे ओढवलेली नाही. आपण मागणी केली नाही, एवढेच.

त्या कागदांत काय आहे? लढायांचे वर्णन फारसे नाही, आणि इथेच तंजावरची गोष्ट वेब यांच्या साच्यात बसत नाही. मराठे इथे तलवारीने आले हे खरे. पण नदीकाठच्या या भातशेतीच्या मुलखात त्यांनी जे उभे केले ते कारकुनाने, वैद्याने, गवयाने आणि ग्रंथपालाने उभे केले. सरफोजींचे शिक्षण जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले. त्यांनी राजवाड्यातील जुना ग्रंथसंग्रह वाढवून आजचा सरस्वती महाल घडवला. त्यात मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या घरात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या छापखान्यातून इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' बाहेर पडले. तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती आणि तिथे छापखाना नव्हता. त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे एक मराठी नाट्य लिहिले. तमिळ भूमीतील कुरवंजी हा भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीचा लोकनाट्यप्रकार, आणि त्यात सरफोजींनी त्या स्त्रीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. मला हे नाट्य भिंतीवरच्या वंशावळीपेक्षा कितीतरी अधिक प्रिय आहे, हे कबूल करतो.

आणि छत्रे. तमिळनाडूत ज्याला छत्रम् म्हणतात ती धर्मशाळा, पण तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर बांधलेल्या छत्रांत नुसता मुक्काम नव्हता. १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रे आपल्या हाती राहू द्यावीत अशी विनंती केली. ब्राह्मणापासून परयापर्यंत कोणत्याही जातीच्या वाटसरूला तिथे शिजवलेले अन्न मिळते, आजाऱ्याला औषध मिळते, मुलांना शिकवले जाते, असे त्यात सविस्तर सांगितले आहे. राज्य गेले, सैन्य गेले. त्यानंतर राजा ज्या गोष्टीसाठी भांडला ती अन्नछत्रे होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र आजही उभे आहे. पडझड झाली आहे, पण खांबांवरचे कोरीव काम पाहण्यासारखे आहे. लोककल्याणाच्या योजना राबवण्यात हयात घालवलेल्या माणसाला ते पत्र वाचताना काय वाटते हे मी लिहीत नाही.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कावेरीच्या सुपीक मुलखात राजांनी विद्वानांना अग्रहारे दिली तेव्हा तिथली जमीन कसणारे वेगळेच होते. महसुलाचा भार जड होता, हे सुब्रह्मण्यम् यांनी लपवलेले नाही. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रज फौजेच्या बळावर तंजावर घेतले आणि १७७६ मध्ये ते परत मिळेपर्यंत रयतेची जी लूट झाली तिचे परिणाम पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागले. कोणत्याही गौरवग्रंथात रयतेच्या वाट्याला एखादे पान येते. दप्तरात तीच अधिक जागा व्यापते, कारण पैसा तिच्याकडून यायचा.

१८५५ मध्ये शिवाजी राजे (दुसरे) पुत्राविना वारले आणि कंपनीने केवळ गादीच नव्हे, तर राजवाड्यातील खासगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी न्यायालयात दाद मागितली. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला : ही जप्ती म्हणजे राज्यसंस्थेची सार्वभौम कृती आहे, तिचा न्याय-अन्याय तपासण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजूनही वाचतात. शासनाच्या कोणत्या कृतीला न्यायालयात आव्हान देता येते, या आजही जिवंत असलेल्या वादात त्याचे नाव येते. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली, पण ती मेहेरबानी म्हणून. हक्क म्हणून नव्हे. आपल्या मराठी वाचकाला झाशीची राणी ठाऊक आहे, ते योग्यच. तंजावरच्या राणीची लढाई वकिलांकरवी झाली आणि ती हरली म्हणून तिचे नावही ठाऊक नसावे?

राज्य संपल्यावर लोक कुठे गेले? देशस्थ कुटुंबे इंग्रजी शिकून कारभारात शिरली. कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्षही. कीर्तनाची महाराष्ट्रीय पद्धत तंजावरात मुरली आणि कृष्ण भागवतरांच्या हातून तिची तमिळ हरिकथा झाली. शिपाईगिरी करणारी कुटुंबे मात्र छोट्या नोकऱ्यांत, शिवणकामात, शेतीत विखुरली. तमिळनाडूच्या मागासवर्गीयांच्या यादीत 'मराठा (ब्राह्मणेतर)' अशी नोंद आहे, नामदेव मराठा धरून. महाराष्ट्रात मराठा आरक्षणाचा प्रश्न इतकी वर्षे धगधगत आहे, त्याविषयी दोन्ही बाजूंनी इतके बोलले गेले, पण या नोंदीचा उल्लेख मी क्वचितच ऐकला. तिच्यामुळे इथला प्रश्न सुटेल असे मी म्हणत नाही, कारण तिथली सामाजिक स्थिती निराळी आहे. एकाच नावाच्या समाजाचे स्थान दोन राज्यांत इतके वेगळे असू शकते, एवढे तरी त्यातून कळते. 'स्वभाव रक्तात असतो' असे मानणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

आता एक खासगी आठवण. ऐंशीच्या दशकात कावेरीच्या मुलखातील एका तालुका कचेरीत मी नवखा अधिकारी होतो. इनाम जमिनींच्या जुन्या प्रकरणांची सुनावणी चालू होती. एक वृद्ध गृहस्थ तेलकट फडक्यात गुंडाळलेला कागद घेऊन आले. लिपी मोडी होती. कचेरीत कोणाला ती येत नव्हती, आणि नवा साहेब मराठी आहे म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. इतिहासाची पदव्युत्तर पदवी माझ्याकडे होती. मोडी येत नव्हती. गृहस्थ माझ्याशी मराठीतच बोलले. हेल तमिळ होता, क्रियापदांची रूपे मला अनोळखी होती आणि मधूनच एखादा शब्द असा येई, जो मी फक्त बखरीत वाचला होता. "साहेब, हे आमच्या पणजोबांचे," एवढे तीन-चारदा म्हणाले. कागदावर शेरा पडला : अधिकृत भाषांतर सादर करावे. असे भाषांतर कोठे करून मिळेल, हे शेऱ्यात लिहिले नव्हते आणि आम्हालाही माहीत नव्हते. ते पुन्हा आले नाहीत. प्रकरण पुराव्याअभावी निकालात निघाले.

मोडी मी निवृत्तीनंतर शिकलो. पहिले सहा महिने अक्षरे एकमेकांत शिरत राहतात, मग एके दिवशी ओळ सुटी होते. तंजावरचे मोडी वळण पुणेरी दप्तरापेक्षा थोडे वेगळे आहे आणि त्यात तमिळ गावांची, मापांची, पिकांची नावे येतात. त्यामुळे नुसते मोडी वाचता येऊन भागत नाही, तमिळही यावे लागते. असे दोन्ही जाणणारे लोक तंजावरात आज आहेत, पण थोडे, आणि त्यांतले बरेच वयस्क. महाराष्ट्र शासनाने मोडीचे वर्ग चालवले आहेत, तमिळ विद्यापीठाकडे अनुवादाचा अनुभव आहे. दोघांनी मिळून दरवर्षी दहा-बारा तरुणांना सरस्वती महालात बसवायचे ठरवले, तर त्याचा खर्च एखाद्या पुतळ्याच्या चबुतऱ्याइतकाही होणार नाही. त्या तीन तमिळ खंडांच्या मराठी आवृत्तीपासून सुरुवात करता येईल. मूळ कागद मराठीच असल्याने तिथे भाषांतर नव्हे, नुसते लिप्यंतर आणि टिपा लागतील.

गेल्या फेरीत मी पुन्हा त्या प्राकारात गेलो. एक मार्गदर्शक इंग्रजीतून पर्यटकांना सांगत होता की ही भिंत मराठा राजांच्या युद्धांची कहाणी आहे. मी थांबून एक-दोन ओळी मोठ्याने वाचल्या, तशी घोळक्यातली एक मुलगी आईला तमिळमध्ये म्हणाली, हे आजोबा भिंत वाचतात. त्या वृद्ध गृहस्थांच्या कागदाची नक्कल मी तेव्हा ठेवली नव्हती. त्यात जमिनीचे किती मा होते, कोणत्या राजाने दिले, कशाबद्दल दिले, काहीच आठवत नाही. गावाचे नावही नाही.